न वाकणारी करंगळी

गोठ्याच्या वाशाला मधल्या सुनेनं रबरी हातमोजा टांगला, त्यात पाणी भरलं, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली आणि खाली बादली ठेवून ती त्याची धार काढायला बसली. थोरली जाऊ वैरण घ्यायला आली होती. ती हसता हसता भाऱ्यावरच बसली. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, ही गाय दिवसाला देते किती?

"देते बेताचंच," मधली म्हणाली, "पण लाथ मारत नाही. आणि तोंडही चालवत नाही."

थोरलीला टोमणा कळला, पण ती रागावली नाही, कारण एवढी मजेची गोष्ट घरात सांगायची घाई होती. थोड्याच वेळात गोठ्याच्या दारात सासूबाई आल्या, धाकटी आली, दूध न्यायला येणारा गाडीवाला आला, त्याच्या मागून शेजारची दोन माणसं आली. सगळ्यांनी मोजा पाहिला, बाई पाहिली आणि एकमेकांकडे पाहिलं. गाडीवाला म्हणाला, ह्या दुधात पाणी घातलंय असं कुणी म्हणणार नाही. मग काय, हसण्याला ऊतच आला. मधली मान खाली घालून उजव्या हातानं मोज्याची बोटं पिळत राहिली. पाण्याची धार यायची, मध्येच तुटायची, थेंब थेंब गळायची.

हसणाऱ्यांना हसायला काय जातं? पण ह्याच बाईच्या हातानं त्या घरच्या सगळ्या गायी पिळल्या होत्या, त्यांच्याच पोरांच्या पेल्यांत दूध पडलं होतं, तेव्हा कुणी दारात उभं राहून शाबासकी द्यायला आलं नव्हतं.

तीन भावांचं एकत्र घर. थोरलीकडे चूल, धाकटीकडे लहान पोरं आणि पाणी, मधलीकडे गोठा. गोठा तिला कुणी दिला नव्हता, तिनं तो हळूहळू घेतला. लग्न होऊन आली तेव्हा घरातली एक गाय वासरू होऊन तिसऱ्याच दिवशी मेली. लालसर रंगाची कालवड उरली, डोळे मिटून पडलेली. सगळ्यांनी तिची आशा सोडली होती. मधलीनं दुसऱ्या गाईचं दूध भांड्यात घेतलं, आपली बोटं त्यात बुडवली आणि कालवडीच्या तोंडात घातली. सड समजून ती बोटं चोखायला लागली, चोखता चोखता तोंड दुधात गेलं आणि ती जगली. तीच तांबडी. मोठी होऊन गाय झाली तरी धार देणार ती मधलीलाच. दुसरं कुणी जवळ बसलं की पान्हा चोरायची, फारच चिकाटी धरली तर बादलीसकट माणूस उलथवायची. ह्या गोष्टीचा मधलीला मनातून अभिमान होता आणि ती तो लपवतही नसे.

मग तो गवताचा भारा आला. ओलं गवत, वजनदार भारा, आणि सगळ्याच बाया करतात तसं कापून झाल्यावर विळा भाऱ्यातच खोचलेला. बांधावरून उतरताना भारा डोक्यावरून घसरला. घसरणारा भारा धरायला हात आपोआप वर जातो, त्याला विचारून कोण पाठवतो. विळ्याचं पातं उजव्या तळव्यात करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी शिरलं. रक्त थांबलं तेव्हा दिसलं की ती दोन बोटं नुसती लोंबतायत, वाकव म्हटलं तरी वाकत नाहीत.

शहराच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी बोटं वाकवणाऱ्या शिरा शिवल्या. हाताच्या मागच्या बाजूनं प्लास्टिकचा साचा बांधला, मनगट आणि बोटं आत वाकलेली राहतील असा. तिथं हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई होत्या. गावाकडून येणारी माणसं त्यांना हातवाल्या बाई म्हणायची. त्यांनी दोनदा बजावलं की साचा काढायचा नाही, बोटं सरळ करायची नाहीत, कितीही वाटलं तरी नाही.

आता इथं मधलीच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. माणूस अबोल, पण वासरांच्या पायांना त्याचा हात लागला की पाय सरळ झालाच म्हणून समजा. काही वासरं जन्मतःच पुढचे पाय मुडपून येतात, खूर मागं वळलेले, उभं राहायला गेलं की तोंडावर पडतात. असं वासरू झालं की लोक ह्याला बोलावत. तो कोमट तेल लावून पाय हळूहळू ओढायचा, प्लास्टिकच्या पाइपाचे उभे चिरलेले तुकडे आतून फडकं लावून बांधायचा, रोज थोडं अजून ओढायचा. काही दिवसांत वासरू उड्या मारायला लागायचं. आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी यायची आणि तो कामं टाकून जायचा.

अशा माणसानं बायकोचा हात पाहिला. वाकडा, आणि वर वाकडाच बांधलेला. त्याच्या जिवाला ते बघवेना. वाकडं बांधलं की वाकडंच वाळतं, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं की शहरातल्यांनी घाईत उलटं बांधून दिलंय. आणि खरं सांगायचं तर मधलीलाही तसंच वाटत होतं. तिनं आपल्या डोळ्यांनी त्याच्या हातून सरळ झालेली वासरं पळताना पाहिली होती, त्या हातवाल्या बाईंना मात्र ती एकदाच भेटली होती. एका दुपारी सासूबाईंनी तेल कोमट केलं, मधलीनं स्वतःच साचा सोडला आणि हात नवऱ्यापुढं केला.

त्यानं हळूच ओढलं, अगदी वासराचं ओढतो तसं. काटकी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. मधली ओरडली नाही. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालंय ते तिला कळलं, कारण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

पुन्हा शहर, पुन्हा टेबल. ह्या खेपेला एक बोट जमलं. करंगळीची शीर मात्र तुटून आत तळव्यात ओढली गेली होती, टोकं विरली होती, ती जुळेनात. पुढं ती करंगळी ताठ झाली ती झालीच. मोठे डॉक्टर म्हणाले, हे बोट आता वाकणार नाही, वर त्याला नीट कळतही नाही, कामात अडकत राहील. फारच अडलं तर काढून टाकू, म्हणजे बाकीची बोटं मोकळी होतील. धार काढण्याचं विचाराल तर ते काम आता दुसऱ्या कुणीतरी करावं. ते वाईट बोलले नाहीत. त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी बोटाचं ऐकलं आणि म्हणाल्या, अडत असेल तर ठेवायचं कशाला. मधली म्हणाली, "आत्याबाई, घरात अडणारं सगळंच काढायचं ठरलं तर मग यादी मोठी होईल." 

पण गोठ्याचं काहीतरी ठरवायलाच हवं होतं. बाकीच्या गायींना धाकटीचा हात चालत होता. प्रश्न होता तांबडीचा. ती गाभण होती, आटलेली होती, म्हणून तूर्त निभत होतं. व्याल्यावर काय? सासूबाईंनी निकाल दिला. तांबडी व्याली की वासरासकट नणंदेच्या घरी जाईल. नणंद दोन गावं पलीकडं दिलेली, हाताची जबरदस्त, हट्टी गायी वळवणारी म्हणून तिचं नाव होतं. निकाल दुष्टपणाचा नव्हता. गाईची धार निघाली नाही तर कास सुजते, गाय जाते, हे मधलीलाही ठाऊक होतं.  ती एवढंच म्हणाली, "व्याल्यावर मी बसेन धारेला. माझ्या हातानं निघाली नाही तर मी स्वतः दावं सोडून देईन."

नवरा कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्या दुपारनंतर त्यानं कुठल्याच वासराला हात लावला नव्हता. पलीकडच्या वस्तीवरून एकजण बोलवायला आला तर त्यानं आपण ते काम विसरलो असं सांगून त्याला परत पाठवलं. त्यानं मधलीची माफी मागितली नव्हती, आणि मधलीला ती नकोच होती. तिला राग येत होता तो त्याच्या कोपऱ्यात बसण्याचा.

हातवाल्या बाईंची खोली दवाखान्याच्या टोकाला होती. एक लांब टेबल, त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, कणकेसारखा रंगीत गोळा, वितळलेल्या मेणाचं भांडं, धान्यानं भरलेला डबा. टेबलाभोवती सगळे हातच हात. एक शिंपी होता, त्याची बोटं सांध्यांच्या दुखण्यानं एका बाजूला कलली होती. तो चिमटे उघडायचा आणि प्रत्येक चिमट्याला शिवी द्यायचा. एका ट्रकवाल्याचं मनगट अपघातात शीर दुखावल्यामुळं लुळं पडलं होतं, तो ते टेबलावरून उचलायचा प्रयत्न करत तासन्‌तास बसे. मधलीला तिथं बरं वाटायचं. गावात तिचा एकटीचाच हात बिघडला होता.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा गेली तेव्हा बाईंनी विचारलं होतं की बोट कुणी ओढलं. त्यांच्या आवाजात राग होता.

"आम्ही दोघांनी," मधली म्हणाली. मग तिनं वासरांच्या पायांचं सगळं सांगितलं.

बाईंचा राग उतरला. त्यांनी टेबलावरचा दोरीचा तुकडा घेतला आणि समजावून सांगितलं. वासराच्या पायातली दोरी अख्खी असते, फक्त आखूड, म्हणून ती ओढून लांबवायची असते. तुमची तुटून शिवलेली होती, टाके ओले होते, म्हणून तिला ढिलीच ठेवायची होती. तुमचा नवरा चुकला तो प्राण्यात चुकला, कामात नाही. मधलीनं हे घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं की बाई नेमकं काय म्हणाल्या.

त्या खोलीत बाई प्रत्येकाला विचारत की ह्या हाताकडून तुम्हाला काय हवंय. शिंप्याला सुई ओवायची होती. ट्रकवाल्याला निदान भाकरी तोडता आली तरी पुष्कळ होतं. मधली म्हणाली, "तांबडीची धार." बाईंना धार कशी काढतात ते ठाऊक नव्हतं, त्यांनी सरळ तसं सांगितलं आणि आपली दोन बोटं पुढं केली. मधलीनं ती सडासारखी धरून दाखवलं. वरून अंगठा आणि पहिलं बोट आवळायचं, म्हणजे दूध परत वर जात नाही. मग एकामागून एक खालची बोटं मिटत यायची. ओढायचं नाही, पिळत उतरायचं. बाईंनी दोनतीनदा आपली बोटं पिळून घेतली. मग त्या म्हणाल्या की शेवटचं बोट नसलं तरी हे जमायला हवं, फक्त त्याच्या शेजारच्या बोटाला दोघांचं काम करावं लागेल. त्यांनी खोक्यातून एक रबरी हातमोजा काढला आणि नळाखाली धरला.

अशी ती मोज्याची गाय घरी आली होती.

हसणं चार दिवसांत संपलं, कारण रोज तेच बघून कोण हसणार. त्यानंतर मोजाही कुणी बघेना, आणि ते मधलीला जास्त जड गेलं. सकाळी कोमट पाण्यात हात, मग डब्यातल्या धान्यात हात घालून लपवलेलं बटण न बघता शोधायचं, म्हणजे सुन्न बोटाला पुन्हा कळायला लागेल. मग मोजा. मोजे फुटायचे, पाणी अंगावर यायचं. एकदा बाईंनी सांगितलं त्याच्या दुप्पट केलं तेव्हा हात सुजून भोपळा झाला आणि बाईंनी तिला खोलीतल्या सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "हात तुमचा आहे, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणून काय पुन्हा तोडणार? हट्ट करायचा तर रोज थोडा थोडा करा. एका दिवसात संपवू नका." मधली तोंड पाडून घरी आली. त्या संध्याकाळी गोठ्यात तांबडीच्या मानेत तोंड घालून ती पोटभर रडली. तांबडी वैरण खात राहिली.

करंगळीशेजारचं तिसरं बोट मिटायला लागलं. करंगळी मात्र तशीच ताठ. झाकण उघडताना अडायची, कपड्यात गुंतायची, बाही घालताना आडवी यायची. धाकटीची पोरं मास्तरांना करंगळी दाखवून शाळेबाहेर जायची, त्यांनी काकूची करंगळी कायम वर पाहून तिला विचारलं की तुला सारखीच लागते का. मधली इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात त्या बोटावर मोकळेपणी बोलणारी ती पोरंच तेवढी होती.

तांबडीची वेळ जवळ आली तसा गारठा वाढला. सकाळी शेतावर धुकं उतरायचं, माती पायाखाली दगडासारखी लागायची आणि थंडीनं मधलीचा हात पहाटे उघडायचाच नाही. नणंद दोन दिवस आधीच येऊन राहिली. येताना नवं सुती दावं घेऊन आली, जाड, पांढरं, मऊ वळाचं. ती मनानं वाईट नव्हती. वहिनीचा हात हातात घेऊन तिनं बराच वेळ पाहिला, तांबडीला मी फुलासारखी जपेन म्हणाली. मधली म्हणाली, "जपाल हो वन्सं. पण ते दावं आधी खुंटीला टांगा. अजून गाय माझ्या गोठ्यात आहे."

तांबडी व्याली ती उजाडता उजाडता. कालवडच झाली, आईच्याच रंगाची. आईनं चाटून कोरडी केली, कालवडीनं उठायला जोर लावला आणि ती तोंडावर पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यातून मुडपलेले, खूर मागं वळलेले.

 सगळ्यांनी मधल्याकडे, म्हणजे मधलीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराबाहेर गेला.

पायांचं नंतर बघू, सासूबाई म्हणाल्या, आधी हिच्या पोटात चीक जायला हवा. व्यालेल्या गाईचं ते पहिलं घट्ट दूध वेळेत पोटात गेलं नाही तर वासरू जगत नाही, आणि हिला तर उभं राहून आईला पिता येत नव्हतं. म्हणजे धार काढूनच पाजायला हवी होती. नणंद पदर खोचून बसली. तिचा हात खरोखरच तयार होता, सडाला लागताच कळत होतं. पण तांबडीनं पाठ कमानीसारखी केली आणि पान्हा वर ओढून धरला. नणंदेनं पुचकारलं, खाजवलं, पुन्हा धरलं. तांबडीची लाथ बसली आणि बादली गव्हाणीवर जाऊन आपटली. दुसऱ्यांदा नणंद स्वतःच कशीबशी वाचली.

"मागचे पाय बांधा हिचे," सासूबाई म्हणाल्या.

"पाय बांधायचे नाहीत," मधली म्हणाली. ती दारात गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून उभी होती. उजाडल्यापासून ती तिथंच होती, बोटं उघडायची वाट बघत. "वन्सं, उठा."

"वहिनी, हट्टाची वेळ नाही. वासरू जाईल."

"म्हणूनच म्हणते, उठा."

नणंद उठली. मधली बसली, डोकं तांबडीच्या कुशीला टेकलं आणि तिनं दोन्ही हात सडांना लावले. पहिल्याच पिळण्याला ताठ करंगळी कासेत टोचली आणि तांबडीनं पाय उचलला. मधली हलली नाही. तिनं मनगट थोडं बाहेर वळवलं, बोट मोकळ्या हवेत राहील असं, आणि पुन्हा धरलं. डावा हात चालत होता. उजवा अडखळत होता. मोज्यात पाणी होतं, हा तर घट्ट चीक, मोज्याला ह्याची सर कुठून येणार. तिसरं बोट मिटता मिटता थांबायचं. तिनं मनात त्या बोटाला शिंप्याच्या सगळ्या शिव्या दिल्या. मग तांबडीनं एक लांब श्वास सोडला, तिची कातडी सैल पडलेली मधलीला कपाळाला जाणवली, आणि पान्हा उतरला.

धार बादलीच्या तळावर वाजली. दाट, पिवळसर. सुरात नव्हती, एक जोराची आणि एक मरतुकडी अशी येत होती, पण थांबत नव्हती. थोरली काहीतरी बोलणार होती, सासूबाईंनी तिचा हात दाबला.

अर्ध्यावर उजव्या हातात पेटका आला. मधलीचं तोंड वेडंवाकडं झालं. नणंद लगेच पुढं झाली, राहिलेली मी काढते म्हणाली.

"मागं व्हा, वन्सं. तांबडीला आणि मला, दोघींनाही गर्दी सोसत नाही."

ती डाव्यानं काढत राहिली, उजव्याला थोडा दम खाऊ दिला, पुन्हा लावला. बादलीत वासरापुरतं पुष्कळ जमलं तेव्हा ती उठली आणि तिनं चीक भांड्यात ओतला.

पण कालवडीला भांड्यातून प्यायचं कुठं ठाऊक. तोंड बुडवलं तर ती गुदमरायची आणि मान झटकायची. मधली खाली बसली, डाव्या हातानं तिची मान धरली आणि उजवा हात चिकात बुडवला. बोटं तोंडात घालायला गेली तर ती उघडेनात. एवढा वेळ पिळून सगळी बोटं आत आवळली गेली होती, मूठ गच्च झाली होती. त्या मुठीबाहेर एकटी करंगळी ताठ उभी होती.

मधलीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तीच चिकात बुडवून कालवडीच्या तोंडात घातली.

कालवडीनं जीभ फिरवली. थांबली. आणि जोरात चोखायला लागली. मधलीनं हात हळूहळू खाली नेला, कालवडीचं तोंड बोटामागोमाग भांड्यात गेलं, बुडबुडे आले आणि चीक घटाघट कमी व्हायला लागला. त्या सुन्न बोटाला काहीतरी खरखरीत लागत होतं. लांबून आल्यासारखं, पण लागत होतं. धान्याच्या डब्यात इतके दिवस बटण शोधून जे कळलं नव्हतं ते आता कळत होतं. मधलीचे डोळे भरून आले आणि ते पुसायला तिच्याकडे एकही हात मोकळा नव्हता.

तिनं दाराकडे पाहून हाक मारली. "अहो. आत या."

नवरा दारात आला, आत येईना. "मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "माझ्या हातानं काय होतं ते तू बघितलंयस."

"बघितलंय, म्हणूनच बोलावते. माझी शीर तुटलेली होती, हिची अख्खी आहे. माझ्यावर चुकलात म्हणून हिला जन्मभर तोंडावर पाडणार आहात का? तेल आणा. हे बोट मी विसरले नाही आणि तुम्हीही विसरू नका, पण कोपऱ्यात बसून ते वाकणार नाही."

 तो गेला आणि तेल घेऊन आला, काखेत पाइपाचे चिरलेले तुकडेही होते. ते त्यानं फेकून दिलेत असं सगळ्यांना वाटत होतं. त्यानं कालवडीचा पाय हातात घेतला. मधली बघत होती. त्यानं थोडं ओढलं, थांबला, तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं आणखी थोडं ओढलं. कसलाही आवाज झाला नाही. खूर थोडा पुढं आला, आणि त्याचा चेहरा बायकोला ओळखीचा वाटायला लागला.

बांधायला काही मऊ द्या, तो म्हणाला. पोरांच्या जुन्या कपड्याच्या पट्ट्या निघाल्या, त्या कुजक्या, ओढताच फाटल्या. सासूबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि खुंटीवरचं पांढरं दावं काढलं. नवं, सुती, मऊ वळाचं. त्या त्याचे वळ उलगडायला बसल्या.

"आई, ते माझं आहे," नणंद म्हणाली. "आणि मी गाय कशानं नेऊ?"

"गाय कुठं जात नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "तू हे टोक धर आणि पीळ सोडव."

नणंद थोडा वेळ फुगून उभी राहिली. मग खाली बसली आणि तिनं टोक धरलं. बघता बघता दाव्याचे सुटे पदर झाले, नवरा एकेक घेऊन पायाला गुंडाळत गेला. भांडं रिकामं झालं होतं तरी कालवड बोट चोखतच होती. थोरलीला आता राहवेना. तिनं विचारलं, हे बोट त्या डॉक्टरांना काढायचं होतं ना, मग आता काय सांगणार त्यांना?

"सांगेन, सध्या रिकामं नाही," मधली म्हणाली, आणि करंगळी सोडवून घ्यायला गेली, तर कालवड सोडेना.